ससाण्याची भूक

“खलास. बाबांचा हात गेला,” चाचांचा मोठा मुलगा आपल्या धाकट्या भावाला म्हणाला आणि त्याने दुर्बीण जीपच्या बॉनेटवर पालथी ठेवली.

तो अरबीत बोलला, आणि हळू बोलला. पण मोकळ्या वाळवंटात हळू बोललेलंही दूरवर जातं. चाचा आमच्यापासून थोडे पुढे, वाळूच्या चढावर पाठमोरे उभे होते. त्यांच्या उजव्या हातात दोरीला बांधलेला पिसांचा झुबका होता. डाव्या हातावर जाड कापडाचा नळीसारखा पट्टा होता आणि त्या पट्ट्यावर कोणी बसलेलं नव्हतं. ते अजून हाक मारत होते. एक लांब हाक, मग थांबणं, मग पुन्हा तीच. मुलाचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, ते मला पाठीवरून कळलं नाही.

“काय म्हणाला गं तो?” आईने विचारलं. तिच्या मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा होता.

“नथिंग. गाडीत बसा म्हणतोय.”

आई गाडीत बसली. डब्याचं झाकण तिने दोनदा दाबून पाहिलं, आत वाळू जाऊ नये म्हणून.

चाचा आमचे घरमालक. दुबईत, अल बर्शात त्यांचा एक जुना बैठा व्हिला होता आणि त्याच्या मागच्या अंगणात दोन खोल्यांचं आउटहाउस. तिथे आम्ही भाड्याने राहत होतो. आज तिथे मॉल आहे, उंच इमारती आहेत. तेव्हा आमच्या मागच्या फाटकाबाहेर सरळ वाळूच सुरू व्हायची. बाबा लांब मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन कंपनीत स्टोअर सांभाळत. आठवडाभर ते तिथेच कंपनीच्या खोलीत राहत आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येत. माझी शाळा दुबईत, म्हणून घर दुबईत. आठवड्याचे बाकीचे दिवस आई आणि मी, आणि भिंतीपलीकडे चाचा आणि त्यांची बायको, खाला. त्यांची मुलं मोठी झाली होती, लग्नं करून आपापल्या व्हिलांत राहायला गेली होती.

चाचांना हिंदी येत असे. तरुणपणी ते खजुराच्या व्यापाऱ्याबरोबर बोटीने मुंबईला जात आणि महिनोन् महिने तिथे राहत. त्यांची हिंदी त्या काळातच थांबलेली होती. आईला ते विचारायचे, “बहन, बंबई में ट्राम अभी भी चलता है?” आई प्रत्येक वेळी सांगायची की ती बंद झाली, आणि प्रत्येक वेळी त्यांना तितकंच वाईट वाटायचं. खालांना मात्र अरबीशिवाय काही येत नव्हतं. त्यामुळे आई आणि खाला एकमेकींशी बोलायच्या त्या माझ्या तोंडून. शाळेत अरबी सक्तीची होती आणि ती मला बरी यायची. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी, त्या दोघींच्या मध्ये बसून तासन् तास बोलत असे. ते बोलणं माझं नसायचं, म्हणून जमायचं. भाजीत हळद किती, सुनेचं कुठे दुखतं, कोणाला दिवस गेले आहेत, सगळं माझ्यातून आरपार जायचं.

मी सातवीत असताना, ऑक्टोबरच्या सुमारास, चाचांनी एक तरुण ससाणा आणला. तिला ‘ती’च म्हणायला हवं, कारण शिकारीला मादीच घेतात, ती नरापेक्षा मोठी आणि ताकदवान असते. त्याच वर्षी अंड्यातून निघालेली, पहिली पिसंही अजून न गळालेली अशी होती ती. पाठ मातकट, छातीवर तपकिरी रेघा, आणि डोळ्यांवर चामड्याची इवलीशी टोपी. त्या टोपीला तिथे बुरखाच म्हणतात. चाचांनी तिला एक नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या तोंडीच बरं वाटायचं, म्हणून इथे लिहीत नाही.

चाचांच्या मुलांकडेही ससाणे होते. ते फार्मवर अंड्यातून काढलेले, महाग, आणि त्यांना शिकवायला पगारी माणूस. तो माणूस रोज सकाळी प्रत्येक पक्ष्याला वजनकाट्यावर बसवायचा आणि आकडा पाहून त्याचं खाणं ठरवायचा. चाचा त्याला हसायचे. “पंछी है कि चावल?” म्हणायचे. मुलं दर हिवाळ्यात शिकारीसाठी देशाबाहेर जात, कारण इथे शिकारीला बंदी. चाचाही जात. पण त्या वर्षी मोठ्या मुलाने सुचवलं, की बाबांनी आता त्रास घेऊ नये; बरोबर यावं, तंबूत बसावं, कॉफी प्यावी, पक्षी आम्ही उडवू. हे मला खालांकडून कळलं, म्हणजे खालांनी आईला सांगितलं आणि मध्ये मी होते. चाचांनी त्यावर एवढंच म्हटलं होतं, की ही एक मी माझ्या हाताने तयार करतो. निघण्याआधी तुमच्यासमोर मोकळी सोडीन. ती माझ्या हाकेला परत आली तर ती आणि मी शिकारीला येऊ. नाही आली तर मी कॉफी पिईन.

त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही.

मला वाटायचं, पक्ष्याला शिकवायचं म्हणजे त्याला शिकार कशी करायची ते दाखवायचं. तसं काही नसतं. शिकार ती पोटातूनच शिकून आलेली असते. शिकवायचं असतं ते एवढंच, की माणूस वाईट नाही आणि त्याच्याकडे परत जाण्यात आपला फायदा आहे. चाचा तिला दिवसभर हातावर घेऊन हिंडायचे. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या ओट्यावर, गाडीत पुढच्या सीटवर. संध्याकाळी बैठकीत, लाकडी खुंटीसारख्या स्टँडवर ती बसायची आणि चाचा बुरखा क्षणभर काढून परत घालायचे. रोज थोडा जास्त वेळ. खायला द्यायचं ते फक्त हातावर, आणि प्रत्येक घासाआधी ती लांब हाक. हाक आणि मांस, हाक आणि मांस. मग ती स्टँडवरून हातावर उडी मारायला लागली. मग पायाला लांब दोरी बांधून मागच्या वाळूत, पिसांचा झुबका फिरवून, थोड्या अंतरावरून. मग जास्त अंतरावरून.

हे सगळं मी शाळेतून आल्यावर फाटकाच्या आडून बघायची. एके दिवशी चाचांनी न वळताच म्हटलं, “बेटी, दरवाजा के पीछे से पंछी नहीं सीखता.” मी गेले. त्यांनी तो जाड पट्टा माझ्या हातावर चढवला आणि तिला त्यावर बसवलं. दुधाच्या भरल्या बाटलीपेक्षा थोडी हलकी. पट्ट्यातूनही तिच्या बोटांची पकड कळायची. मी काही बोलले नाही, हललेही नाही, आणि बहुधा त्यामुळेच चाचांना मी पसंत पडले. त्यानंतर गृहपाठ करताना तासभर ती माझ्या डाव्या हातावर असायची. चाचा म्हणायचे, बडबड्या मुलांच्या हातावर पक्षी तिरळा होतो. खरं असेल असं वाटत नाही, पण मी खूश झाले होते.

तिची छाती चाचपायला त्यांनीच शिकवलं. छातीच्या मधोमध उभं हाड असतं. रोज त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोट फिरवायचं. हाड सुरीसारखं लागलं तर पक्षी अशक्त. हाड लागलंच नाही, मांसात बुडालं, तर तो जाड, आणि जाड पक्षी कोणाचा नसतो. स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत ते म्हणाले, “ऐसा. इतना हड्डी मिलना चाहिए.” मी माझ्या नाकावरून बोट फिरवलं. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी मान हलवून ऐकलं आणि पूर्ण समजायला मला वेळ लागला. “भूखा नहीं रखने का. खाली रखने का. भूखा अलग है, खाली अलग है.”

नोव्हेंबर संपता संपता चाचांच्या पायाची जखम चिघळली. साखरेचा आजार जुना होता. डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर दाखल करून घेतलं. प्रश्न आला पक्ष्याचा. खालांना पिसांनी दम लागायचा. मोठा मुलगा म्हणाला, आमचा माणूस घेऊन जाईल. चाचा पलंगावरूनच नाही म्हणाले. “वो काँटे पे रखेगा. बच्ची के हाथ पे रहने दो.” मुलगा माझ्याकडे बघून हसला. वाईट नाही हसला, पण हसला.

अशी ती आमच्या हॉलमध्ये आली. आईने स्टँडखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली, कारण ससाणा मागच्या बाजूने पिचकारी मारावी तशी घाण करतो आणि ती भिंतीपर्यंत जाते. चाचांचं सांगणं सोपं होतं. टीव्ही चालू ठेवायचा, माणसं आजूबाजूला हिंडू द्यायची, म्हणजे तिची भीती मोडते. संध्याकाळची बांग झाली की बुरखा काढायचा, खालांची स्वयंपाकीण स्टीलच्या वाटीत मोजून मांस आणून देईल तेवढंच माझ्या हातावर द्यायचं, आणि प्रत्येक घासाआधी हाक मारायची. त्यांची हाक मोठी, लांब. माझ्या तोंडून ती तशी निघेना. दार-खिडक्या लावून मी कशीबशी पुटपुटायची. ती मान वाकडी करून माझ्या ओठांकडे बघायची आणि घास घ्यायची.

पहिल्याच संध्याकाळी आईने वाटीत डोकावून पाहिलं.

“एवढंसंच?”

“तेवढंच सांगितलंय.”

“अगं, एवढ्यात मांजराच्या पिल्लाचं भागायचं नाही. ही केवढी आहे.”

आईच्या माहेरी कराडकडे मोठं खटलं. घरी आलेला माणूस जेवल्याशिवाय गेला तर आठवडाभर त्याची चर्चा. इथे आल्यापासून तिच्या हातचं जेवायला आम्ही तिघं, त्यातले बाबा फक्त शुक्रवारी. कुकर लहान घेतला होता तिने. त्या लहान कुकरकडे बघून ती कधीकधी म्हणायची, “बाहुलीचा संसार.” आता हॉलमध्ये कोणीतरी राहायला आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आई तिच्याशी बोलायला लागली. “काय गं बाई, झोप लागली का नव्या जागी?” चाचा परत येईपर्यंत ती आमच्याकडे आहे, म्हणजे ती माहेरपणाला आली आहे, असं आईने ठरवून टाकलं.

मी दिवसा शाळेत असायची. एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आई हॉलमध्ये स्टँडपुढे पाट घेऊन बसली होती. बुरखा काढलेला होता. आईच्या हातात बशी, बशीत को-ऑपरेटिव्हमधून आणलेल्या चिकनचा खिमा. ती छोटे छोटे गोळे करून पुढे धरत होती आणि पक्षी इतक्या हलक्या चोचीने ते घेत होता की आईचं बोटसुद्धा ओलं होत नव्हतं. त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास. चिकनला हात लावल्याबद्दल ती नंतर पुन्हा आंघोळ करणार होती.

“आई. त्यांनी नाही सांगितलंय.”

“पुरुषमाणसांना काय कळतंय? वाढतं अंग आहे तिचं.”

“बट दे सेड...”

“तू शाळेतून आलीस की दार उघडायच्या आत जेवायला मागतेस. हिला मागता येत नाही, एवढाच फरक.” मग पक्ष्याकडे वळून, “घे गं. हा शेवटचा.”

तो शेवटचा नव्हता. मला हेही दिसलं होतं, की तीन-चार दिवसांपासून संध्याकाळी ती माझ्या हातावर पूर्वीसारखी झेपावत नाही. घास घेते, इकडेतिकडे बघते, कधी टाकूनही देते. माझ्या हाकेकडे तर लक्षच नाही. पण ती दचकत नव्हती. टीव्हीवर कोणी ओरडलं, दारावरची बेल वाजली, तरी एक पाय पोटाशी घेऊन निवांत. गुरुवारी बाबा आले, त्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, “माझ्यापेक्षा हिची बडदास्त जास्त दिसतेय. मेसमध्ये आम्हाला विचारत नाही कोणी, दोन घास जास्त घे म्हणून.” आई खूश झाली. “कशी शांत झाली बघा. माणसाळली.”

मलाही तसंच वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं की ती माणसाळली.

चाचा काठी टेकत, पायाला जाड पट्टी बांधून परत आले, ते आधी आमच्याकडे आले. मी तिला हातावर घेऊन उभी होते. आई चहा टाकायला आत गेली. त्यांनी अंगठा आणि बोट तिच्या छातीवर ठेवलं, फिरवलं, आणि थांबले. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, “अम्मा ने खिलाया?”

मी मान हलवली.

मला वाटलं ते चिडतील. ते हसले. हसताना त्यांना खोकला आला. “कितना दिन?” मी खांदे उडवले. मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी माझं बोट धरून तिच्या छातीवर ठेवलं. नाक नव्हतंच तिथे. गाल होता.

“अम्मा को मत बोलना,” ते म्हणाले. “उसने खाना दिया. खाना देने वाले को बुरा नहीं बोलते.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि तिने विचारलं, “कैसी है हमारी लडकी?” चाचा म्हणाले, “अच्छी है, बहन. बहुत अच्छी रखी.” आईच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून आठवतो. आणि चाचांनी कपातला सगळा चहा संपवला, साखर घातलेला.

मुलांचं निघणं पुढच्या आठवड्यात ठरलेलं होतं. कागदपत्रं झाली होती, सामान गेलं होतं. त्यांच्यासमोर पक्षी सोडायचा तो येत्या शुक्रवारीच. मध्ये तीन-चार दिवस होते. चाचांनी तिचं खाणं तोडलं, पण इतक्या थोड्या दिवसांत ते अंग उतरत नाही, आणि एकदम उपाशी ठेवलं तर पक्षी आजारी पडतो. लंगडत ते रोज मागच्या वाळूत जायचे. दोरीवर ती यायची, पण सावकाश, वाटेत खाली बसून, आल्याचे उपकार केल्यासारखी. मी फाटकाशी उभी असायची. एकदा त्यांनी छाती चाचपली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. “इन्शाल्ला,” म्हणाले.

त्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं. मुलांना सांगायचं, मी दवाखान्यात होतो, शेजारणीने तिला जाड केलं, मला दोन आठवडे द्या. कोणीही समजून घेतलं असतं. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्या वेळी मला ते इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की शुक्रवार जवळ येतोय आणि चाचा कमी बोलताहेत.

शुक्रवारी आम्हालाही बोलावलं होतं. नमाजानंतर तीन गाड्या निघाल्या. खाला, सुना आणि नातवंडं एका गाडीत. आम्ही धाकट्या मुलाच्या जीपमध्ये. आईने शंकरपाळे केले होते, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. ती सहलीला निघाल्यासारखी होती, आणि तिच्या दृष्टीने ती सहलच होती. तिच्या लेकीचं काहीतरी बक्षीस समारंभासारखं होतं तिकडे.

चाचांनी बुरखा काढला तेव्हा वारा जवळजवळ नव्हता. तिने आधी सगळीकडे पाहिलं, एकदा पिसं फुलवून झटकली, मग हातावरून सुटली. खूप सुंदर उडाली. एवढं सरळ आणि एवढं वर जाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण आजवर पायाला दोरी होती. आई माझा दंड धरून म्हणाली, “बघ, बघ कशी जातेय.” चाचांनी झुबका फिरवायला सुरुवात केली आणि हाक दिली.

ती वळली. आमच्यावरून एक मोठा फेरा घेतला. झुबक्याकडे तिने पाहिलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग ती लांब एका उंचवट्यावर उतरली आणि पंखातली पिसं चोचीने सारखी करू लागली. पोट भरल्यावर माणूस जसा बडीशेप चघळत ओट्यावर बसतो तशी. चाचा तिच्या दिशेने चालू लागले, पायाची पट्टी वाळूत ओढत. ते निम्म्या वाटेवर असताना ती पुन्हा उडाली, फार घाईने नाही, आणि पश्चिमेला निघून गेली.

मुलांनी गाड्या पिटाळल्या. दुर्बिणीतून पाहिलं. ऊन कलेपर्यंत शोधलं. चाचा चढावर उभे राहून हाक मारत राहिले, आणि मग मोठा मुलगा ते म्हणाला, जे मी सुरुवातीला लिहिलं आहे.

परत येताना आई अस्वस्थ होती. गाड्या फाटकाशी थांबल्यावर ती चाचांपाशी गेली. “भाईसाब, उसको उधर खाना मिलेगा?”

“मिलेगा, बहन,” चाचा म्हणाले. “ताकत है उसमें.”

त्या हिवाळ्यात चाचा मुलांबरोबर गेले आणि तंबूत कॉफी प्यायले. पुढच्या हिवाळ्यात गेले नाहीत. मुलांनी त्यांना फार्मवरचा एक तयार पक्षी आणून दिला होता. त्यांनी त्याची छाती चाचपली, मान हलवून चांगला आहे म्हणाले, आणि परत पाठवला. बैठकीतलं लाकडी स्टँड तिथेच राहिलं. त्यावर खाला ओढणी वाळत टाकायच्या. चाचा माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, ट्रामची चौकशी करायचे. पक्ष्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. सांगू नकोस म्हणाले होते. आणि न सांगणं हे एकच काम असं होतं जे मला जन्मतःच येत होतं. त्यांनी बरोबर माणसाला सांगितलं होतं. पुष्कळ वर्षांनी मला वाटू लागलं, की थोडं चुकीच्या माणसाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण आई ती गोष्ट सांगायची. गणपतीला, वाढदिवसांना, बाबांच्या मित्रांपुढे. आमच्याकडे ससाणा राहायला होता, माझ्या हातून खिमा खायचा, गाईसारखा गरीब झाला होता, आणि मग बिचाऱ्या म्हाताऱ्यांचा हात राहिला नव्हता, त्यांना काही तो आवरला नाही. मुलगा काय म्हणाला होता ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तरी त्याचंच वाक्य तिच्या तोंडी कुठून आलं कोण जाणे. बहुधा सुनांकडून, हिंदीतून. लोक हसायचे, कारण ती छान सांगायची. मी ताटं उचलायला आत जायची.

मी कॉलेजसाठी पुण्याला असताना चाचा गेले. फोनवर कळलं. दोन वर्षांनी बाबांची नोकरी संपली, व्हिसा संपत आला, आणि सामान बांधायला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. निघायच्या आदल्या दुपारी आई आणि मी खालांना भेटायला गेलो. आईने त्यांच्यासाठी इरकली साडी घेतली होती. त्या नेसणार नाहीत हे माहीत असून. खालांनी ती उलगडून मांडीवर पसरली आणि काठावरून हात फिरवत बसल्या. सुनेने कॉफी आणि खजूर ठेवले आणि ती आत गेली. मी नेहमीच्या जागी, दोघींच्या मध्ये.

आधी नेहमीचं झालं. पोचल्यावर फोन करा. गुडघ्यांना जपा. मग खाला त्या स्टँडकडे बघून बोलायला लागल्या, आणि मी मराठीत करत गेले. “मी त्यांना फार बोलले होते,” त्या म्हणाल्या. “पक्षी गेला त्या रात्री. म्हटलं, मुलगा बरोबर म्हणतो, तुमचा हात गेला आता, कशाला हट्ट करता. त्यांनी मला उत्तर दिलं नाही. कधीच दिलं नाही. पण नंतर हातावर पक्षी घेतला नाही. ते वाक्य मी बोलायला नको होतं. तुझ्या आईला सांग, तिला पक्षी आवडायचा.”

मी सांगितलं. आईचे डोळे भरून आले. तिने खालांचा हात हातात घेतला.

“सांग त्यांना,” ती मला म्हणाली, “मनाला लावून घेऊ नका म्हणावं. वयाने होतंच असं, हात जातोच माणसाचा. पण पक्षी गुणी होता हो. माझ्या हातून रोज दुपारी कसा पोटभर खायचा, सांग.”

खाला माझ्याकडे बघत होत्या, माझ्या तोंडून येणाऱ्या आईच्या शब्दांची वाट पाहत. इतकी वर्षं ते शब्द असेच गेले होते, एकीकडून दुसरीकडे. आईचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, अरबीत मांडून झालेलं. ते निघेना. चाचांचा अंगठा आणि बोट त्या छातीवर थांबलेलं मला दिसत होतं. ते गेले होते, आणि त्यांच्याच घरात, त्यांच्या माणसांच्या मनात ते चुकीचे राहिले होते.

मी खालांकडे वळून अरबीत बोलले. दोन-तीनच वाक्यं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण आतून सून दारात येऊन उभी राहिली. खालांचा साडीवरचा हात थांबला.

“काय म्हणालीस?” आईने विचारलं. “मी सांगितलं तेच ना?”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांचा हात गेला नव्हता, आई. आपण तिला पोटभर जेवायला घातलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.”